नमुन्यावर वेळेचा शिक्का कुठे बसतो?

प्रश्न : दोन आरटीएल-एसडीआर डोंगलच्या (रेडिओलहरी मोजून ते आकडे यूएसबीतून संगणकाला देणारे छोटे रिसीव्हर) नमुन्यांना, म्हणजे त्या मोजलेल्या आकड्यांना, मी संगणकाच्या घड्याळातली वेळ देतो. दोन्हींच्या नोंदी जुळत नाहीत. डोंगल खराब आहे का?

डोंगल ठीक आहे, शिक्का चुकीच्या ठिकाणी बसतोय. नमुने यूएसबीतून गठ्ठ्यागठ्ठ्याने येतात. ते बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, किती थांबले, ऑपरेटिंग सिस्टिमने तुमच्या प्रोग्रॅमला कधी उठवलं, हे दर वेळी वेगळं. पत्र हातात पडल्याच्या तारखेवरून ते पेटीत कधी टाकलं, हे सांगण्यासारखंच. या डोंगलमध्ये टाइमस्टॅम्पची सोयच नाही. पहिल्या नमुन्यापासून मोजत राहायचं, आणि मध्ये गठ्ठा गळाला की तोही हिशेब बोंबलला.

प्रश्न : मग यूएसआरपी या दुसऱ्या जातीच्या सॉफ्टवेअर-रेडिओमध्ये घड्याळ असतं का?

असतो तो काउंटर. एफपीजीए या त्याच्या चिपमधला हा ६४ बिटांचा आकडा क्लॉकच्या प्रत्येक ठोक्याला एकाने वाढतो. गठ्ठा बांधताना त्यातल्या पहिल्या नमुन्याच्या क्षणाचा आकडा हेडरमध्ये, म्हणजे गठ्ठ्याच्या माथ्यावरच्या नोंदीत, लिहिला जातो. बाकीच्यांना शिक्क्याची गरज नाही, सॅम्पल रेट (सेकंदाला किती नमुने) माहीत असतो. पुढे यूएसबी किंवा इथरनेट कितीही रेंगाळू दे! संगणक मागे पडून ओव्हरफ्लो झाला (यूएसआरपीचा ड्रायव्हर यूएचडी पडद्यावर ‘ओ’ छापतो), तरी पुढच्या हेडरवरून किती नमुने बुडाले ते काढता येतं. लाइमएसडीआर आणि ब्लेडआरएफ या तशाच रेडिओंचीही रीत हीच.

प्रश्न : खरे किती वाजलेत हे काउंटरला कसं कळतं?

कळत नाही, सांगावं लागतं. जीपीएसमधून दर सेकंदाला येणारा पल्स, म्हणजे पीपीएस, जोडायचा आणि ‘पुढच्या पल्सला अमुक वेळ धर’ असा हुकूम द्यायचा. इथेच बरेच जण थांबतात आणि फसतात. पीपीएसने काउंटर एकदा जुळतो, पण त्याची चाल रेडिओतला ठोके देणारा क्रिस्टलच ठरवतो. क्रिस्टल दहा लाखांत २ भागांनी चुकत असेल, तर तासाभरात ७.२ मिलिसेकंदांचा फरक! म्हणून चाल राखायला १० मेगाहर्ट्झचा संदर्भ क्लॉकही हवा. जीपीएसडीओ (जीपीएसच्या चालीला बांधलेला ऑसिलेटर) दोन्ही देतो.

प्रश्न : जीएनयू रेडिओ या सॉफ्टवेअरमध्ये नमुन्यांना लागणाऱ्या ‘आरएक्स_टाइम’ या वेळेच्या टॅगमध्ये पूर्ण सेकंद आणि अपूर्णांक वेगळे का?

१९७० पासूनचे सेकंद आता १.७ अब्जांच्या पुढे गेलेत. ते अपूर्णांकासह एकाच ‘डबल’मध्ये (६४ बिटांच्या दशांश आकड्यात) कोंबले, तर सगळ्यात लहान पायरी सुमारे २३८ नॅनोसेकंदांची उरते. तेवढ्यात रेडिओलहर ७१ मीटर पुढे जाते. वेळेतल्या फरकावरून ट्रान्समीटरची जागा शोधणाऱ्याने दोन्ही आकडे एकत्र करायचा मोह टाळावा.