नोटांच्या सोनेरी प्रतिकृती जमवाव्यात का?

तुम्ही विचारलंय की जुन्या अमेरिकन नोटांच्या सोनेरी प्रतिकृतींचा संच घ्यावा का, सोबतच्या सर्टिफिकेटवर ‘२४ कॅरेट’ लिहिलंय, पुढे भाव येईल का.

भाव येईल म्हणून घेत असाल तर नका घेऊ. २४ कॅरेट हे खरंही असेल, पण ती झाली शुद्धता. वजन किती, ते सर्टिफिकेटवर शोधा. बहुतेकदा सापडत नाही. मी एकदा हिशेब मांडला होता. नोट १५६ बाय ६६ मिलिमीटर, थर वर्खाइतका, म्हणजे साधारण ०.१ मायक्रॉन धरला, तर एका बाजूला जेमतेम २० मिलिग्रॅम सोनं भरतं. दोन्ही बाजू धरून २५ नोटा जमवल्या की कुठे एक ग्रॅम! बाकी सगळं प्लास्टिक. माझ्याकडच्या एका नोटेचा कोपरा दुमडला गेला आणि घडीवरचा मुलामा उडून खालची पारदर्शक पट्टी दिसायला लागली, तेव्हा हे नीट कळलं.

तरी मी जमवतो. कारण १९३४ च्या मालिकेतली १,००,००० डॉलरची नोट. माजी अमेरिकन राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सनचं चित्र असलेली ही नोट फेडरल रिझर्व्ह बँकांच्या, म्हणजे तिथल्या मध्यवर्ती बँकव्यवस्थेतल्या बँकांच्या, आपापसातल्या व्यवहारांपुरतीच छापली होती, लोकांच्या हातात कधी आलीच नाही. खासगी संग्रहात ती ठेवणं आजही बेकायदा आहे. म्हणजे पैसा कितीही असो, आपल्या नशिबी प्रतिकृतीच. (मूळ नोटेची मागची बाजू नारिंगी होती, सोनेरी नव्हे. विकणारे हे सांगत नाहीत.)

१९०१ च्या १० डॉलरच्या नोटेचं मात्र उलट. मधोमध अमेरिकन गवा (बायसन), दोन बाजूंना लुईस आणि क्लार्क हे शोधप्रवासी. इथे भिंगाखाली फरक कळतो: खऱ्या नोटेवर गव्याच्या आयाळीची रेघ न् रेघ सुटी दिसते, बोटालाही शाई उंच लागते. प्रतिकृतीत त्याच रेघांचा लगदा झालेला असतो. ही नोट खरी विकत मिळते, महाग असली तरी. तिच्यासाठी पैसे साठवा.

प्रतिकृती घेतलीतच, तर तिच्यावर ‘कॉपी’ असा ठसा आहे का बघा. अमेरिकेत १९७३ च्या कायद्याने तो लागतो. आणि मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांनी ते चिकट होतं. पॉलिएस्टरचं घ्या.