आर्निकाच्या गोळ्या आणि मुरगळलेला पाय

प्रश्न: रविवारी सिंहगड उतरताना पाय मुरगळला, घोटा टम्म सुजलाय, आई म्हणते होमिओपॅथीची आर्निका ३० घे, घेऊ का? (एक वाचक, कोथरूड)

उत्तर: घेतलीत तर सहसा अपाय नाही, पण सूज त्यानेच उतरेल असं मी नाही म्हणणार, कारण ३० पोटन्सी म्हणजे शंभरपट पातळ करणं तेही ३० वेळा, त्यात मूळ आर्निका वनस्पती उरतच नाही. आईंची काळजी खरीच आहे हो, पण आधी बर्फ फडक्यात गुंडाळून १५-२० मिनिटं शेका, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर ठेवा. तेल लावून चोळू नका प्लीज! चार पावलंही टाकता येत नसतील किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल तर गोळ्यांवर थांबू नका, आजच एक्सरे काढा. आणि आर्निकाचं मलम खरचटलेल्या जागी अजिबात नको.