‘बाजी, जिभेवर ताबा नाही, मग माझी नमाज कबूल होते का?’

मी समुपदेशक आहे, मला ‘बाजी’ म्हणजे ताई म्हणतात, आणि हा प्रश्न माझ्याकडे येणाऱ्या बायका वेगवेगळ्या शब्दांत विचारतात, कधी पहिल्याच भेटीत, कधी चौथ्या-पाचव्या भेटीत उठता उठता. पाच वेळची नमाज चालू आहे, रोजे पूर्ण आहेत, आणि तरी घरात तोंडातून असे शब्द निघतात की नंतर स्वतःचीच लाज वाटते. त्यातल्या एकीचा अनुभव तिच्या परवानगीने लिहितेय, ओळख पटेल असं सगळं बदललंय.

रायगड जिल्ह्यातलं खाडीकाठचं गाव. वय 36, नवरा कुवेतला, दोन वर्षांतून एकदा सुट्टीवर येणार, घरात शुगरवाली सासू, नववीतला मुलगा आणि धाकटी मुलगी. आमच्या कोकणी मुस्लिम घरांत हे इतकं कॉमन आहे की यात बाईला काही त्रास असेल असं कुणाच्या मनातसुद्धा येत नाही. पैसे येतात, घर बांधून झालंय, आता अजून काय पाहिजे.

ती आली ती मुलाच्या एका वाक्यामुळे. असरची (दुपार कलतानाची) नमाज पढून उठली, पाहते तर पोराने अभ्यास सोडून मोबाईल हातात घेतलेला, मग जे तोंड सुटलं ते सुटलं, त्याच्या बापापर्यंत आणि आजीपर्यंत जाऊन पोचलं. पोरगा शांतपणे म्हणाला, "अम्मी, तू मुसल्ल्यावरून (नमाजाच्या चटईवरून) उठतेस आणि लगेच ओरडतेस, मग नमाज कशाला पढतेस?" तिने त्याला एक ठेवून दिली आणि बाथरूममध्ये जाऊन रडत बसली.

माझ्यासमोर बसली तेव्हा तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. कुठल्या तरी बयानमध्ये (धार्मिक प्रवचनात) तिने ती हदीस, म्हणजे पैगंबरांचं वचन, ऐकली होती, एक बाई रात्र रात्र नमाज पढते, दिवसा रोजे ठेवते, सदका म्हणजे दान देते, पण जिभेने शेजाऱ्यांना त्रास देते, आणि पैगंबर (स.) म्हणाले की तिच्यात काही भलाई नाही, ती जहन्नमवाल्यांपैकी आहे. "बाजी, ती बाई म्हणजे मीच," असं म्हणून ती हमसून हमसून रडली.

मी तिला सांगितलं की मी आलिमा, म्हणजे धर्मशास्त्र शिकलेली, नाही, आणि कबूल झालं की नाही याची पावती कुणी माणूस देऊ शकत नाही. पण ती हदीस जिवंत माणसांना सांगितलेली आहे, ज्यांच्याकडे अजून वेळ आहे त्यांना. आणि कुरआन म्हणतो की नमाज वाईटापासून रोखते (सूरा 29, आयत 45), मग नमाज सोडायचा विचार करण्यापेक्षा ती कुठे रोखायला बघतेय आणि आपण कुठे सुटतोय ते शोधूया ना. (मुलाच्या त्या वाक्यानंतर दोन दिवस तिने नमाज सोडली होती, "नाहीतरी वायाच जातेय" म्हणून. असं करणाऱ्या बऱ्याच जणी मी बघितल्यात, म्हणून हे आधी लिहिलं.)

मग मी तिला एक साधी वही घ्यायला सांगितली. पंधरा दिवस फक्त इतकंच लिहायचं, ओरडलीस कधी, कुणावर, त्याआधी काय झालं होतं, पोटात काही होतं का, रात्री झोप किती झाली.

वही घेऊन आली तेव्हा पानांवर जवळजवळ सगळीकडे मुलाचं नाव होतं, कधी मुलीचं. सासूचं एकदाही नाही, नवऱ्याचं एकदाही नाही. रात्री साडेनऊला, म्हणजे तिकडे सात वाजता, नवऱ्याचा व्हिडिओ कॉल यायचा, आधी आईशी, मग मुलांशी, आणि हिच्या वाट्याला शेवटची तीन-चार मिनिटं, त्यातही गॅसचे पैसे, ट्यूशनची फी, आईच्या गोळ्या. फोन ठेवला की ही बहिणींच्या ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकायची, एकेक पाच-सात मिनिटांचा, सासू काय म्हणाली, नणंद काय म्हणाली, नवरा कसा बोलला. झोपायला बारा. तहज्जुदसाठी, म्हणजे रात्री उठून पढायच्या ऐच्छिक नमाजसाठी, पहाटे चारचा अलार्म. दुपारचं जेवण साडेतीनला, सगळ्यांचं झाल्यावर. आणि असर ते मगरिब (सूर्यास्ताची नमाज), जेव्हा शरीर पार संपलेलं असतं, तेव्हा स्फोट.

मी विचारलं, नवऱ्याला हे कधी सांगितलंस? "नाही, मी सबर करते ना."

इथे मला थांबावंच लागलं, कारण आपल्याकडे बायकांना लहानपणापासून सबर म्हणजे गिळून टाकणं असंच शिकवलं जातं. लग्न होऊन जाताना आई कानात सांगते सबर कर, नवरा वर्षानुवर्षं लांब असला तर शेजारीण म्हणते सबर कर. अरबीत या शब्दाच्या मुळाशी आवरून धरणं असा अर्थ आहे. म्हणजे रागाचा पहिला झटका आला त्या क्षणी स्वतःला आवरणं. पैगंबरांनी (स.) कबरीपाशी रडणाऱ्या बाईला हेच सांगितलं होतं, की सबर तो जो पहिल्या आघाताच्या वेळी केला जातो. ही मात्र पहिला आघात गिळून टाकायची, दुसरा, तिसरा, दहावा, आणि मग अकरावा पोराच्या अंगावर फुटायचा.

तिला पैगंबर याकूब अलैहिस्सलामची आठवण करून दिली. मुलगा हरवला तेव्हा ते म्हणाले ‘सब्रुन जमील’, सुंदर सबर, आणि तेच याकूब इतके रडले की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे पडले, हे त्याच सूरा यूसुफमध्ये आहे. कुणी म्हटलं का की रडले म्हणून त्यांचा सबर तुटला? दुःख त्यांनी लपवलं नाही, ते कुणासमोर मांडायचं एवढं त्यांना नीट माहीत होतं, "मी माझं दुःख अल्लाहपुढेच मांडतो."

आणि मग पैगंबरांच्या (स.) काळातल्या खौला बिंते सअलबा यांची गोष्ट, जी मला वाटतं आपल्या मुलींना निकाहच्या आधी सांगितली पाहिजे. त्यांचे नवरे औस बिन सामित म्हातारे झाले होते, चिडून एक दिवस बोलून गेले की तू मला माझ्या आईच्या पाठीसारखी आहेस. त्या काळच्या अरबांत हे वाक्य म्हणजे बायकोला तोडून टाकणं, पण मोकळंही न करणं. खौला गप्प बसल्या नाहीत, पैगंबरांकडे (स.) गेल्या, आपलं म्हणणं परत परत मांडलं. पैगंबरांच्या (स.) पत्नी हजरत आयशा सांगतात की मी त्याच घरात होते तरी तिचं काही बोलणं मला ऐकू येत नव्हतं, आणि अल्लाहने ते ऐकलं. 58 वी सूरा सुरूच तिथून होते, की जी स्त्री आपल्या नवऱ्याबद्दल तुझ्याशी वाद घालत होती तिचं म्हणणं अल्लाहने ऐकलं. आणि रागात बोललेल्या त्या एका वाक्याची भरपाई काय, तर एक गुलाम मुक्त करा, नाही जमलं तर सलग दोन महिने रोजे, तेही नाही झेपलं तर साठ गरिबांना जेवण. एका वाक्याची एवढी किंमत! जिभेचं वजन दाखवायला मला याच्यापेक्षा चांगलं उदाहरण सापडत नाही, आणि त्याच गोष्टीत तक्रार घेऊन जाणाऱ्या बाईला कुणी बेसबर म्हटलेलं नाही.

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण बाजी, मी तुमच्याकडे सासूबद्दल बोलते, नवऱ्याबद्दल बोलते, ही गीबत, पाठीमागे निंदा, नाही का?"

हासुद्धा नेहमीचा प्रश्न, आणि यामुळे कितीतरी बायका समुपदेशकाच्या दारापर्यंत येतच नाहीत. मक्केचे सरदार अबू सुफियान, त्यांची बायको हिंद पैगंबरांकडे (स.) आली आणि म्हणाली की माझा नवरा चिकट आहे, मला आणि मुलांना पुरेल एवढं देत नाही. त्यांनी तिला गीबत करतेस म्हणून गप्प केलं नाही, रास्त तेवढं त्याच्या पैशातून घे असं सांगितलं. हदीसचे जुने विद्वान इमाम नववींनी अशा सहा जागा मोजून ठेवल्यात जिथे दुसऱ्याबद्दल बोलायला परवानगी आहे, न्याय मागायला, मसला (धर्माचा नियम) विचारायला, वगैरे. म्हणजे ज्याच्याकडे उपाय आहे त्याच्याकडे, गरजेपुरतं.

"मग बहिणींच्या ग्रुपवर?" तिनेच विचारलं. मी उत्तर दिलं नाही, कालचा एक मेसेज इथेच ऐक म्हणाले, मी बाहेर जाते. दहा मिनिटांनी परत आले तर फोन टेबलावर उलटा ठेवलेला. एवढंच म्हणाली, "हा आवाज माझ्या मुलीने ऐकला असेल ना."

तिला मी जबरदस्त असं काही दिलं नाही. रात्रीचे मेसेज बंद, अकराच्या आत झोप, आणि तहज्जुद काही दिवस फक्त जुम्माच्या रात्री (यावर ती नाराज झाली, पण नफील (ऐच्छिक) नमाजसाठी मुलांवर हात उचलण्याइतकं थकायचं याला मी तरी तयार नाही). जेवण जोहरच्या (दुपारच्या) नमाजनंतर लगेच. आणि राग चढला की हदीसमध्ये सांगितलंय तसंच करायचं, उभी असशील तर बस, तरी नाही गेला तर आडवी हो. ‘अऊजु बिल्लाह’ (मी अल्लाहचा आसरा मागते) म्हण. तोंड उघडण्याआधी एकच बघ, हे बोलणं भलं आहे का, नसेल तर गप्प, ‘भलं बोला नाहीतर गप्प बसा’ ही बुखारी आणि मुस्लिम या हदीसच्या दोन्ही संग्रहांत आलेली हदीस तिला पाठच होती. पण एक गोष्ट ती विसरली होती, त्यात गप्प बसणं दुसरं येतं, भलं बोलणं आधी आहे.

मुलांसाठी मी तिला अनस बिन मालिक यांचं सांगितलं. लहान वयात पैगंबरांच्या (स.) घरी कामाला लागले, दहा वर्षं राहिले, आणि म्हणतात की इतक्या वर्षांत मला कधी ‘उफ’ म्हटलं नाही, हे का केलंस, ते का नाही केलंस असं विचारलं नाही. ‘उफ’ म्हणू नका हे आपण मुलांना रोज ऐकवतो, आईबापाच्या हक्कांमध्ये. एका नोकर पोरालाही ते म्हटलं गेलं नाही, हे मात्र मुलांना कुणी सांगत नाही.

तिने मुलाची माफी मागितली, थपडेची. पहिल्यांदा. पोरगा म्हणाला "ठीक आहे" आणि निघून गेला, तिला वाईट वाटलं, मी म्हटलं त्याला वेळ दे.

सगळ्यात कठीण नवऱ्याशी बोलणं. आम्ही ते वाक्य तीन वेळा लिहिलं, खोडलं. तिचं पहिलं वाक्य होतं, "तुम्हाला माझी काही पडलीच नाही," शेवटी राहिलं ते असं, "जुम्माला तुमची सुट्टी असते, त्या दिवशी फोन आधी मला करा, वीस मिनिटं, पैशाचं सोडून." एक महिना लागला तिला हे बोलायला. तो चिडला, कुणी शिकवलं तुला म्हणाला, एक जुम्मा फोनच नाही केला. पुढच्या वेळी केला, आणि बाराव्या मिनिटाला रूममधल्या एकटेपणाबद्दल बोलायला लागला, जे त्याने लग्नाच्या पंधरा वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

इथे एक गोष्ट लिहायलाच हवी. घरात मारहाण असेल, धमक्या असतील, तर कृपा करून अशा बाईला सबर सांगू नका, आणि तिची वही भरायचीही वाट बघू नका. 2005 चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांसाठी आहे, 181 या महिला हेल्पलाइनवर फोन लागतो. जुलूम रोखणं हेही दीनच (धर्मच) आहे.

तिची वही अजून चालू आहे. पान कोरं जात नाही, आठवड्यात दोन-तीनदा ओरडणं होतंच, आधी ते रोजचं होतं. मागच्या भेटीत सांगत होती, संध्याकाळी मुलाने दुधाचं पातेलं सांडलं, शब्द अगदी जिभेवर आले आणि ती तिथेच ओट्याला टेकून खाली फरशीवर बसली. सासू घाबरून विचारतेय, चक्कर आली काय गं. मुलाने फडकं आणलं, दूध पुसलं, आणि मग तोही तिच्या बाजूला बसला, काही न बोलता, मगरिबची अजान होईपर्यंत.

पुढची अपॉइंटमेंट तिने दोघांची घेतलीय, नवरा सुट्टीवर येईल तेव्हाची.