दोन छोट्या विमानतळांमधलं अंतर ४०० किमी असेल तर फ्लाइटला किती वेळ लागतो?

आधी एक बघा, हे ४०० किमी रस्त्याचे आहेत की सरळ रेषेतले, कारण विमानाला घाट-वळणं नसतात त्यामुळे हवाई अंतर बरंच कमी भरतं. सरळ रेषेतले धरले तर अशा रूटवर बहुतेक एटीआर ७२ सारखं पंख्याचं विमान असतं, स्पीड ताशी ५०० किमीच्या आसपास, म्हणजे हिशोबाने ४८ मिनिटं. पण तिकिटावर सव्वा तास दिसेल, आणि तोच खरा धरा! दार बंद झाल्यापासून रनवेपर्यंत हळूहळू जाणं, वर चढणं, उतरताना लाइनीत थांबणं सगळं त्यात येतं. समोरून ताशी ५० किमी वारा असला तर अजून पाचेक मिनिटं, म्हणून जाता-येताचा टाइम वेगळा असतो. जेट असलं तरी एवढ्या अंतरात थोडीच मिनिटं वाचतात.