अमेरिकेतल्या मिनेसोटात तळ्याकाठच्या केबिनवर लोक दिवसभर करतात तरी काय? जुलैत आई-बाबांना नेलं तर कंटाळतील का?

पहिल्या दिवशी कंटाळतील. आमचे कंटाळले होते.

मी मिनियापोलिसला राहतो. इथल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर ‘दहा हजार तळी’ असं छापलेलं असतं, प्रत्यक्षात दहा एकरांहून मोठी तळीच ११,८४२ आहेत. आम्ही गेलो व्हर्मिलियन तळ्यावर, टॉवर गावाजवळ, गाडीने साडेतीन-चार तास उत्तरेला. बाबा उतरले, डॉकच्या टोकापर्यंत जाऊन आले आणि म्हणाले, "छान आहे. पॉइंट कुठले कुठले आहेत?" महाबळेश्वर पॉइंट मोजत पाहिलेला माणूस! त्यांना सांगितलं, पॉइंट हा एकच, आणि आपण चार दिवस इथेच. त्यावर ते काही बोलले नाहीत, पण चेहरा बोलला.

डॉक म्हणजे पाण्यात गेलेला लाकडी धक्का. हिवाळ्यात तळं गोठतं आणि बर्फ तो मोडून टाकतो, म्हणून बरेच जण थंडीआधी तो काठावर ओढून ठेवतात आणि बर्फ वितळला की पुन्हा बसवतात. केबिनवाल्यांकडे या विषयावर तासभर बोलायचं भांडवल असतं. अख्खा दिवस घडतो तोही तिथेच. सकाळचा चहा तिथे. मग पोहणं: वरचं पाणी सोसवण्याइतकं, पाय खाली सोडले की गारठा. पाण्याचा रंग कोऱ्या चहाचा. आईला आधी ते घाण वाटलं. पण तो रंग आसपासच्या दलदलीतल्या कुजलेल्या पाल्याचा.

बाबांना खरं रमवलं गळाने. सोळा किंवा त्याहून जास्त वयाच्या परदेशी पाहुण्यालाही मासेमारीचं लायसन्स लागतं, ते ऑनलाइन मिळतं, आधीच काढा. इथे सगळे वॉलाय या माशाचं कौतुक करतात, पण भर दुपारी डॉकवरून मिळतात ते तळहाताएवढे ब्लूगिल. रवा लावून तळले. बाबा मूळचे मालवणकडचे, एक तोंडात टाकून म्हणाले, "काटा आहे, म्हणजे मासा आहे." कोकम आणि कोथिंबीर मात्र घरूनच न्या.

दुपारी काहीच करायचं नाही. पाइनच्या सावलीत खुर्ची टाकायची, बस्स.

जुलैत सूर्य नऊच्या सुमाराला मावळतो. त्यानंतर डास येतात, आणि ते कोकणातल्या डासांना लाजवतील असे. पूर्ण बाह्यांचे कपडे, डास दूर ठेवणारं डीटवालं मलम आणि जाळी लावलेला व्हरांडा असलेली केबिन, एवढं बघून घ्या. गवतातून फिरून आलात की पायांवर गोचीड बघा. आमच्या केबिनला सॉनाही होता. या भागातल्या लोखंडाच्या खाणींवर फिनलंडहून खूप लोक कामाला आले, त्यांनी आणलेली ही पद्धत: लाकडी खोलीत घाम काढायचा आणि तळ्यात उडी मारायची. मी मारली. आईने "वेडा आहेस का" एवढंच विचारलं.

रात्री लांबून हूऽऽ असा आवाज आला. बाबा उठून बसले, "कोल्हा?" कोल्हा नव्हे, लून. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा, लाल डोळ्यांचा पाणपक्षी, मिनेसोटाचा राज्यपक्षी. पाय शरीराच्या पार मागे असल्यामुळे जमिनीवर त्याला धड चालता येत नाही, पण पाण्यात बुडी मारली की कुठे वर येईल सांगता येत नाही. लहान पिल्लं आईबापाच्या पाठीवर बसून फिरतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी चहा घेऊन बाहेर आलो तर बाबा आधीच डॉकच्या टोकाला बसलेले. मागे न बघता त्यांनी हात वर केला. "हळू चाल, फळ्या वाजतात. पिल्लं आलीत."