सर्चमध्ये 'पुऱ्या' टाकल्या की "काही सापडलं नाही"

प्रश्न : आमचा फराळ आणि मसाल्यांचा घरगुती धंदा आहे. मागच्या वर्षी वेबसाइट केली, पैसेही बऱ्यापैकी घातले, पण लोक साइटवर येऊन शेवटी व्हॉट्सॲपवरच विचारतात, "तिखटमिठाच्या पुऱ्या मिळतील का?" अहो, पुऱ्या साइटवर आहेत! मी सर्च केलं की मला लगेच दिसतात. वेबसाइटवाला म्हणतो चॅटबॉट लावा, फोन कमी होतील. लावू का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : नका लावू, निदान आत्ता तरी. असले बरेचसे बॉट तुमच्या साइटवरचाच मजकूर शोधून उत्तर देतात, शोधच गंडलेला असेल तर तो बिचारा काय डोंबल सांगणार.

तुम्हाला पुऱ्या सापडतात कारण ज्या कीबोर्डवर तुम्ही प्रॉडक्टचं नाव टाइप केलं त्याच कीबोर्डवर तुम्ही शोधताय. गिऱ्हाइकाचा कीबोर्ड वेगळा असू शकतो. 'पुऱ्या'तला तो आडव्या रेघेचा अर्धा र आहे ना, तो युनिकोडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या क्रमांकांनी साठवतो त्या पद्धतीत, दोन तऱ्हांनी लिहिता येतो, एका तऱ्हेत खाली टिंब असलेला वेगळा ऱ आणि हलन्त, दुसरीत आपला साधा र, हलन्त आणि पुढे एक न दिसणारं जोडचिन्ह. स्क्रीनवर दोन्ही डिट्टो सारखे, कॉम्प्युटरच्या लेखी मात्र दोन वेगळे शब्द. कचोऱ्यांचंही तेच होणार. ॲपल जॅम विकत असाल तर तिथेही तोच घोळ, कारण ॲ हे अख्खं अक्षर युनिकोडमध्ये 2008 साली आलं, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन भागवत होते आणि काही जण अजून तसंच टाइप करतात. वेबसाइटवाल्याला सांगा, साठवलेलं नाव आणि शोधलेला शब्द दोन्ही आधी एकाच रूपात आणायचे आणि मगच जुळवायचे. थोडक्या ओळींचं काम आहे, त्याचं वेगळं बिल लावत असेल तर भांडा.

आता खरी गंमत. अर्धे लोक मराठी शब्द इंग्रजी अक्षरांत टाकतात. लाडू घ्या : कोणी एल-ए-डी-यू, कोणी डबल डी, कोणी शेवटी डबल ओ. इलॅस्टिकसर्चसारख्या सर्चमध्ये चुकीचं स्पेलिंग चालवून घ्यायची सोय असते, पण तिच्या ऑटो सेटिंगला 3 ते 5 अक्षरांच्या शब्दात एकच फरक (एक अक्षर जास्त, कमी किंवा वेगळं) चालतो, त्याहून लांब शब्दात दोन. म्हणजे एल-ए-डी-यू टाकणाऱ्याला डबल डीवाला लाडू मिळेल, डबल ओवाला नाही, तिथे दोन फरक होतात. आणि सूट वाढवली तर छोट्या शब्दांना भलतंच काहीतरी येतं. म्हणून अशा शब्दांची समानार्थी यादी हातानेच भरायची, तुमच्याकडे माल किती, एका दुपारचं काम.

यादीत काय भरायचं हे घरी बसून ठरवू नका. सर्चमध्ये कोणी काय टाकलं आणि त्यातलं कशाला शून्य उत्तरं आली याचा लॉग मागा, ठेवत नसतील तर आजपासून ठेवायला लावा आणि आठवड्याला एकदा चहा पिता पिता वाचा. कोणी 'भाजणी' न म्हणता 'थालीपीठाचं पीठ' म्हणतं, कोणी 'उपवास' एवढंच टाकतं आणि तुमच्या एकाही प्रॉडक्टवर तो शब्द नसतो. 'पार्सल कुठे आहे', 'परत करायचंय' असलंही दिसेल, कारण लोकांना वाटतं समोर चौकोन आहे म्हणजे इथेच विचारायचं, आणि बरोबरच वाटतं त्यांना. तेव्हा त्या सर्चमध्ये मालाबरोबर डिलिव्हरी, रिटर्नची पानंही आली पाहिजेत. पार्सल बघायला लॉगिन मागू नका, ऑर्डर नंबर आणि मोबाइल नंबर पुरे. आणि काही सापडलं नाही तर तिथेच व्हॉट्सॲप नंबर द्या, कोरं पान नको.

प्रश्न : ऑनलाइन मिक्सर घेतला, भांडं फुटकं आलं. साइटवरचा बॉट तेच चार पर्याय फिरवून फिरवून देतो, माणसाशी बोलायची सोयच नाही. माझं वय 71. काय करू?
– एक वाचक, नाशिक

उत्तर : काका, बॉटचा नाद सोडा. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, 2020 प्रमाणे ऑनलाइन विकणाऱ्याने तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव, हुद्दा आणि संपर्क साइटवर द्यायलाच लागतो (सांगलीकर, हे तुम्हीही वाचा). बहुतेकदा पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं, किंवा अटी-शर्तींच्या पानात दडवलेलं. नातवाला शोधायला लावा. त्या अधिकाऱ्याला फुटक्या भांड्याचा फोटो आणि बिल जोडून मेल करा. 48 तासांत पोच आणि एका महिन्यात निवारण, असा नियम आहे. नाहीच झालं तर 1915 लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीत बोललेलं चालतं. आणि फुटकं भांडं तोवर टाकून देऊ नका, परत न्यायला येणारा मुलगा तेच आधी मागेल.