स्पायडरचा स्वे बार पहिल्यांदाच बदलताय?

जरूर बदला, घरच्या गॅरेजमध्ये होण्यासारखं काम आहे. कॅन-ॲम स्पायडर या तीनचाकी मोटरसायकलला पुढे दोन चाकं, त्यामुळे वळणावर ती बाईकसारखी आत झुकत नाही, बाहेरच्या बाजूला कलते. ते कलणं हा बार, म्हणजे पुढच्या दोन्ही चाकांचं सस्पेन्शन जोडणारी आडवी दांडी, पिळली जाऊन आवरते. भरीव बार १० टक्के जाड झाला की सुमारे ४६ टक्के जास्त ताठ होतो, तेव्हा नवा बार दिसायला जेमतेम जाड वाटला तरी हिरमुसू नका.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पुढची दोन्ही चाकं एकदम, सारखी उचला. मी पहिल्या वेळी एकच बाजू उचलली होती. बार पिळलेलाच राहिला, लिंकचा (बारचं टोक सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांडीचा) बोल्ट अर्ध्यात अडकला, आणि हातोडीने ठोकता ठोकता त्याचे आटे गेले. दोन्ही बाजू वर घेतल्या आणि दुसरा बोल्ट हाताने फिरवून बाहेर आला. नुसत्या जॅकवर मात्र विसंबू नका, स्टँड लावाच.

बाकी नेहमीच्या चुका:
- पॉलियुरेथेनचे बुश (बार ज्यात बसतो ती कडक प्लास्टिकसारखी कडी) कोरडे बसवणं. ग्रीस नसेल तर करकरतात.
- जुनेच नायलॉन लॉकनट (आत नायलॉनची कडी असलेले, सहज न सुटणारे नट) वापरणं.
- अंदाजाने आवळणं. टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) घ्या, आकडे किटच्या कागदावरचे.

पहिली फेरी मोकळ्या पार्किंगमध्ये मारा, हँडल आधीपेक्षा चटकन ऐकेल. शंभरेक किलोमीटरनंतर सगळे नट पुन्हा तपासा. शॉक आणि अलाइनमेंटचं नंतर बघू.